चार पिनांचं कोडं

अमेरिकेतल्या जुन्या हायस्कूलच्या नाट्यगृहात प्रेक्षकांच्या मागे, छताखाली एक छोटी कंट्रोल रूम असते. तिथल्या भिंतीवर बऱ्याचदा स्टीलची एक पट्टी आणि तिच्यावर चार-सहा गोल सॉकेटं सापडतात. एखाद्याला तीन छिद्रं, एखाद्याला पाच पिना, एकाला चार. लेबल कधीच गळून गेलेलं. उरलाय तो वाळलेल्या डिंकाचा पिवळा चौकोन. वायर ओढणारा माणूस निवृत्त झाला, दिव्यांचा बोर्ड विकणारी कंपनी दुसऱ्या कंपनीत विरघळली, नकाशे कपाटात गेले ते गेलेच. वार्षिक नाटक तोंडावर आलंय आणि नव्याने रुजू झालेल्या नाट्यशिक्षिकेला एवढंच हवंय, की या चार पिनांच्या मागे काय आहे हे कुणीतरी सांगावं.

तीन उत्तरं संभवतात, आणि तिन्ही खरी असू शकतात.

पहिलं उत्तर इंटरकॉमचं. विंगेतला रंगमंच-व्यवस्थापक आणि कंट्रोल रूममधला दिवेवाला ज्या हेडफोनवर बोलतात, त्याला चार पिनांचा एक्सएलआर कनेक्टर असतो. दुसरं उत्तर ‘कलर स्क्रोलर’चं. दिव्यापुढे रंगीत जिलेटिनची गुंडाळी फिरवणारं हे यंत्र त्याच आकाराच्या कनेक्टरमधून २४ व्होल्टची वीज आणि हुकूम दोन्ही घेतं. तिसरं उत्तर सर्वांत विलक्षण : ‘एएमएक्स १९२’. स्ट्रँड सेंच्युरी कंपनीने काढलेली दिव्यांना हुकूम द्यायची ही पद्धत अमेरिकेच्या रंगमंच-तंत्रज्ञान संस्थेने १९८७ साली प्रमाण म्हणून छापली.

तिची रचना शाळेच्या हजेरीसारखी आहे. बोर्ड एका तारेवर ठोके पाठवतो. प्रत्येक ठोक्याला पुढच्या डिमरची, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची पाळी, आणि त्या क्षणी दुसऱ्या तारेवर जेवढं व्होल्टेज असेल तेवढा त्या डिमरचा उजेड. १९२ डिमर झाले की हजेरी पुन्हा एकपासून. डिमर मुकाट्याने ठोके मोजत बसतात. मधला एखादा ठोका हुकला की त्या फेरीत पुढच्या साऱ्यांचे नंबर सरकतात, आणि रंगमंचावर क्षणभर सगळं लुकलुकतं. १९२ दिवे चार पिनांच्या एका बारीक केबलवर नाचवणारी ही कल्पकता मान डोलवावी अशीच आहे. मात्र त्या सॉकेटमध्ये स्क्रोलरचे २४ व्होल्ट घुसले, तर डिमरचं कार्ड कायमचं गप्प होऊ शकतं.

अशा भिंती तयार झाल्या त्याचं कारण साधं आहे. शाळा नाट्यगृह एकदाच बांधते, पण त्यातली यंत्रणा टप्प्याटप्प्याने, निधी मिळेल तशी बदलते. नवी वायर आली तरी जुनी कुणी काढत नाही. क्लीगल बंधूंनी १८९६ साली न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या कंपनीचं सामान तळाच्या थरात सापडतं. त्यावर १९३३च्या ‘लेको’ स्पॉटची पिढी. जोसेफ लेव्ही आणि एडवर्ड कुक या दोघांच्या आडनावांतून ते नाव जुळवलेलं. १९७५ साली ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाइन’साठी थॅरन मसर यांनी संगणकाची स्मरणशक्ती असलेला बोर्ड पहिल्यांदा वापरला, आणि पुढच्या दशकात शाळांनाही तसेच बोर्ड हवेसे झाले.

तळाचा थर पाहायचा तर रंगमंचाच्या जमिनीतलं लोखंडी झाकण उचलावं. आत सपाट, रुंद खाच असते. तिच्यात बसणारा प्लग म्हणजे दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या ठोकलेला एक ठोकळा. कार्बनच्या आर्क दिव्यांच्या काळातली ही वस्तू. पूर्ण जाडीच्या एका प्लगच्या जागी अर्ध्या जाडीचे दोन बसतात. अर्थिंग नाही, आणि प्लग थोडा बाहेर सरकला की तांबं उघडं पडतं. तिच्यानंतर आला तीन गोल पितळी पिनांचा ‘स्टेज पिन’, जो आजही चालतो : २० अँपिअर, १२० व्होल्ट. मधली पिन अर्थची, पण ती नेमकी मध्यावर नसून न्यूट्रलच्या बाजूला सरकलेली, म्हणजे प्लग उलटा घालताच येऊ नये. पितळी पिना उभ्या चिरलेल्या असतात. वापरून वापरून त्या दबल्या की सैल बसतात, तापतात, करपतात. म्हणून दिवेवाल्याच्या खिशात ती चीर फाकवणारं चिमुकलं हत्यार असतं. काळवंडलेला प्लग दिसला की समजावं, ते हत्यार बरीच वर्षं कुणाच्या खिशात नव्हतं.

१९८६ साली ‘डीएमएक्स ५१२’ आलं आणि प्रत्येक कंपनीची वेगळी भाषा हळूहळू संपली. सेकंदाला अडीच लाख बिट, ५१२ चॅनेल, प्रत्येकाला शून्य ते २५५ पर्यंतची किंमत. प्रमाण लिहिणाऱ्यांनी मुद्दाम पाच पिनांचा कनेक्टर सांगितला. तीन पिनांचा मायक्रोफोनला असतो, त्याची गल्लत नको म्हणून. पुढे अनेक उत्पादकांनी स्वस्तातला तीन पिनांचाच लावला, आणि टाळायची होती ती गल्लत घरात आली. आज तीन पिनांमागे मायक्रोफोन असू शकतो, दिव्यांचा हुकूम असू शकतो, किंवा सुमारे ३० व्होल्ट वाहणारी इंटरकॉमची लाइन.

इथे एक खूण उपयोगी पडते. ध्वनीच्या जगात सिग्नल बाहेर पडतो तो मेल पिनांतून, डीएमएक्समध्ये फीमेलमधून. म्हणून कंट्रोल रूमच्या भिंतीवर तीन छिद्रांचं फीमेल सॉकेट दिसलं तर ते बहुधा मायक्रोफोनचं. पाच पिना बाहेर डोकावत असतील तर ती दिव्यांच्या बोर्डची जागा. विजेच्या पुरवठ्याचा नियमही असाच : जिवंत बाजू कायम फीमेल, म्हणजे बोट लागेल अशी पिन उघडी राहत नाही. एखाद्या जुन्या केबलच्या दोन्ही टोकांना मेल पिना सापडल्या, तर ती तिथल्या तिथे कापून टाकावी.

आकार फसवतो, तसा मीटरही. थायरिस्टरचा डिमर पूर्ण बंद असतानाही थोडी वीज झिरपू देतो. रिकाम्या सॉकेटला डिजिटल मीटर लावला तर तो जवळजवळ पूर्ण १२० व्होल्ट दाखवू शकतो. दिवा जोडला की तेच व्होल्टेज नाहीसं होतं. म्हणून जाणकार माणूस मीटरसोबत साधा पिवळा बल्ब बाळगतो. पेटी उघडणं परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच काम. पण कुठलं सॉकेट कुठल्या नंबरावर आहे हे शाळेची मुलं शोधू शकतात. एकाने वर बसून एकेक चॅनेल उघडायचा, दुसऱ्याने खाली चाचणीचा दिवा एकेका सॉकेटला लावत ओरडायचं, तिसऱ्याने लिहायचं. एका दुपारच्या या कामाने दहा वर्षांचं अज्ञान फिटतं.

ब्रिटनमधल्या शाळेच्या रंगमंचावर गेलेला मराठी माणूस एका गोष्टीने चमकेल. तिथल्या स्पॉटना आपल्या घरातल्या गीझरचा प्लग असतो! तीन जाड गोल पिनांचा १५ अँपिअरचा हा प्लग मूळ ब्रिटिशच, बीएस ५४६ या १९३४च्या प्रमाणातला. १९४७नंतर ब्रिटिश घरांत चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग शिरला. रंगमंचाने मात्र जुना सोडला नाही. उंच टांगलेल्या दिव्याच्या प्लगमधला फ्यूज प्रयोगात उडाला तर शिडी लावणार कोण? फ्यूज डिमरजवळच बरा. शिवाय तिथे कुणी चुकून चहाची किटली डिमरला जोडू शकत नाही, कारण तिचा प्लग बसतच नाही. आपल्याकडे तोच प्लग घरीही आणि रंगमंचावरही, त्यामुळे हे आयतं संरक्षण आपल्याला नाही. विंगेतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमागे डिमर आहे की थेट वीज, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. पंखा किंवा प्रोजेक्टर डिमरवर लागला तर तो जळण्याची भीती असते.

अडचणी इथे संपत नाहीत, उलट आता वाढताहेत. एलईडी दिव्यांना कायम पूर्ण वीज लागते, डिमरमागची वीज त्यांना चालत नाही. नवे दिवे देणगीत येतात, जुन्या सॉकेटांत खोचले जातात आणि महिन्याभरात बंद पडतात. मग दोष दिव्याला दिला जातो. जुन्या स्पॉटच्या शेपटीवर उष्णता सोसणारं पांढरं, तंतुमय आवरण दिसलं तर ते ॲस्बेस्टस असू शकतं. ते चाकूने सोलणं म्हणजे फुप्फुसाशी खेळ. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने शाळांच्या इमारतींच्या बांधकामातलं ॲस्बेस्टस तपासणं सक्तीचं केलं, पण पाइपला टांगलेला जुना दिवा तपासनीसाच्या नजरेतून सहज निसटतो. दोनच पिनांचे, अर्थ नसलेले प्लग अजून कपाटांत आहेत. धातूचा दिवा, धातूचा पाइप आणि शिडीवर पंधरा वर्षांचं मूल : यात अर्थची तार नसणं अक्षम्य आहे.

सगळ्यांत मोठं नुकसान माणूस जाण्याने होतं. वीस वर्षं नाटक बसवणाऱ्या शिक्षकाला ठाऊक असतं, की सतरा नंबर लावायचा नाही आणि डावीकडच्या पेटीतलं तिसरं सॉकेट मेलेलं आहे. कागदावर यातलं काहीच नसतं. निरोप समारंभात त्याला शाल मिळते, आणि सतरा नंबर त्याच्याबरोबर निघून जातो.

आपल्या शाळांत डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं होतील. ज्यांच्या शाळेला स्वतःचं सभागृह आहे, त्यांनी त्याआधी एक शनिवार काढावा. इलेक्ट्रिशियनला सोबत घ्यावं. प्रत्येक सॉकेटजवळ न पुसणाऱ्या शाईने तीन गोष्टी लिहाव्यात : नंबर, डिमर की थेट, आणि तपासल्याची तारीख. पेट्यांचे फोटो काढावेत. यादीची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी आणि दुसरी मुख्य स्विचच्या दाराला आतून चिकटवावी. ज्याचा ठाव लागला नाही, त्या सॉकेटवर झाकण बसवून ‘माहीत नाही, वापरू नये’ असं लिहावं.