बोटीचा तळ कोण बघणार?

मान्सूनपूर्व आढावा बैठकांचे दिवस आहेत. हिंगोलीत या बैठका केवळ उपचार म्हणून उरकून चालणार नाही. 2024 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला कयाधू नदीच्या पुराने केलेली दाणादाण आणि 2025 मधला मराठवाड्यातला अतिवृष्टीचा कहर अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. बैठकीत बोटी किती ते विचारलं जातं, लाइफ जॅकेट आणि दोरखंड मोजले जातात, फार तर इंजिन सुरू करून पाहिलं जातं. फायबरच्या बोटीच्या तळावरचे ओरखडे मात्र त्या यादीत सहसा नसतात. ते असायला हवेत.

फायबरची बोट म्हणजे काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे एकावर एक चढवलेले थर. वरून चकाकतो तो जेलकोट. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. ओरखडा जेलकोटमध्येच थांबला असेल, तर प्रश्न दिसण्यापुरता असतो. तो मॅटपर्यंत उतरला, की पाण्याला वाट मिळते. तंतूंच्या कडेकडेने पाणी आत झिरपतं, रेझिनची पकड ढिली करतं आणि कालांतराने पृष्ठभागावर फोड येतात. आतल्या लाकडात किंवा फोममध्ये पाणी मुरलं, तर बोटीचं वजन वाढतं. फायबर मुळात पाण्यापेक्षा जड आहे. बोटीत पाणी भरल्यावर तिला तरंगत ठेवते ती बंद कप्प्यांतली हवा किंवा फोम. बचावकार्यात माणसं बसवताना हाच हिशेब जिवाशी येतो.

आपल्याकडे ओरखडे पडायला कारणंही भरपूर. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर या धरणांचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की काळा खडक उघडा पडतो, बुडालेल्या झाडांची खुंटं वर येतात. पुराच्या पाण्यात तर शेताची काटेरी तार, बांधावरचे दगड, काहीच दिसत नाही. भरीस भर म्हणजे ट्रॉलीवरून उतरवलेली बोट सिमेंटच्या रस्त्यावरून ओढत नेण्याची सवय.

तपासणी सोपी आहे. बोट धुवा, वाळवा, उलटी करा आणि ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही, तर घासून काम भागेल. पाणी मारत 800, 1000, 1500, 2000 अशा चढत्या क्रमांकाचे वॉटर पेपर फिरवायचे. प्रत्येक नवा पेपर आधीच्या पेपरला आडवा चालवायचा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते लगेच कळतं. मग रबिंग कंपाउंड आणि शेवटी मेण. पण हात आवरता घ्या. जेलकोट अर्धाच मिलिमीटर आहे. चकाकीच्या नादात दरवर्षी मशीन फिरवलं, तर वाचवायचा तोच थर आपण संपवतो.

नख अडकलं, तर भरणं आलं. ओरखड्याच्या कडा उतरत्या करून खाच थोडी रुंद करायची, अॅसिटोनने पुसायची आणि कॅटॅलिस्ट (जेलकोट कडक करणारं रसायन) मिसळलेला घट्ट जेलकोट किंचित वर येईल इतका भरायचा. कॅटॅलिस्टचं प्रमाण साधारण एक ते दोन टक्के, पण डब्यावर लिहिलेलं प्रमाण अंतिम. साध्या जेलकोटचा वरचा थर हवेच्या संपर्कात चिकट राहतो, म्हणून त्यावर प्लॅस्टिकची फिल्म ताणून बसवायची. पुरता कडक झाला की मग घासायचा. हिंगोलीच्या मे महिन्यात हे काम सकाळी लवकर, सावलीतच करावं. दुपारच्या उन्हात भरेपर्यंत मिश्रण वाटीतच गोठतं. पाऊस सुरू झाल्यावर ओलसर तळावर ते धड धरत नाही.

आता माझा खरा आग्रह. या कामाचा हात आपल्याकडे आहे. टाक्या, दरवाजे, गाड्यांचे बंपर दुरुस्त करणारे फायबरचे कारागीर तालुक्याच्या गावीही सापडतात. त्यांना बोटीच्या कामासाठी बोलावलं पाहिजे, मात्र दोन अटी घालून. पहिली: गॅरेजमधली लांबी बोटीच्या तळाला लावायची नाही. गाडीच्या पत्र्यासाठी केलेली ही पुट्टी सतत पाण्यात राहिली की पाणी शोषते आणि सुटते. वरून रंग मारला की दुरुस्ती झकास दिसते. असली दुरुस्ती न केलेलीच बरी, कारण ती ओरखडा बुजवत नाही, लपवते.

दुसरी अट जिवाची. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचा, त्यानंतरच कॅटॅलिस्ट. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नये.

तळावर चांदणीसारखे पसरलेले तडे दिसले, तर तो ओरखडा नव्हे, जबर माराची खूण आहे. तिथे नाण्याने ठोकून पाहावं. बद्द आवाज आला तर आतले थर सुटले असण्याचा संभव मोठा. नुसता जेलकोट भरून ते भागत नाही. सुटलेले थर काढून, चांगला थर लागेपर्यंत घासून नवे थर चढवावे लागतात.

8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरात बोट उलटली. 21 मे 2024 ला उजनीच्या जलाशयात वादळात प्रवासी बोट बुडाली. दोन्हीकडे माणसं गेली. या दुर्घटना ओरखड्यांमुळे झाल्या असं मी म्हणत नाही. पण बोटीची चौकशी ती बुडाल्यावरच करायची, ही आपली सवय मोडायची असेल, तर सुरुवात सर्वांत स्वस्त कामापासून करावी.

पारंपरिक मच्छीमारांना नौका आणि जाळ्यांसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून मदत मिळत आली आहे, ते योग्यच आहे. नव्या नौकेइतकीच जुनीची निगाही कागदावर आली पाहिजे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, ग्रामपंचायती आणि मच्छीमार संस्था यांनी प्रत्येक बोटीमागे वहीचं एक पान ठेवावं: तळ कधी तपासला, ओरखडा कुठे होता, कशाने भरला, कुणी भरला. गावात बोट असेल, तर येत्या ग्रामसभेत ही वही मागा.