माल समुद्रात, पैसा कागदावर

मुरगाव बंदरातून लोहखनिज घेऊन निघालेल्या जहाजाला चीनचा किनारा गाठण्यास साधारण अडीच ते तीन आठवडे लागतात. विक्रेत्याला खाणीचा, बार्जवाहतुकीचा आणि बंदराचा खर्च आधीच करावा लागलेला असतो. खरेदीदाराच्या हाती मात्र अद्याप काहीच आलेले नसते. पश्चिम आफ्रिकेतून कच्चा काजू मागवणाऱ्या कारखानदाराची बाजू याच्या उलट असली तरी त्याची अडचण तीच. आधी पैसे द्यावेत तर माल येईलच याची खात्री नाही. माल आल्यावर देतो म्हणावे तर विक्रेता तयार नाही. ही दरी बुजवण्याचे काम बँका करतात. त्या ते कसे करतात आणि त्यात कोणती जोखीम पत्करतात, हे समजून घेतल्याशिवाय आंतरराष्ट्रीय व्यापारातील तेजी-मंदीचा अर्थ लागत नाही.

जोखमी हुंडी ते पतपत्र

ही गरज नवी नाही. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात पूर्वी ‘जोखमी हुंडी’ प्रचलित होती. जहाजावर चढवलेल्या मालाच्या आधारे ती लिहिली जाई आणि माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत. जहाज बुडाले तर हुंडी विकत घेणाऱ्या सावकाराचे पैसे बुडत. म्हणजे कर्ज आणि विमा ही दोन्ही कामे एकाच कागदाने होत.

आजच्या व्यवहारात ही कामे वेगळी झाली आहेत. विमा कंपनी सागरी धोका घेते आणि बँक पैशाची हमी देते. या हमीचे प्रमुख साधन म्हणजे पतपत्र, अर्थात व्यापाऱ्यांच्या बोलीतील ‘एलसी’. खरेदीदाराची बँक विक्रेत्याला लेखी वचन देते की, ठरलेली कागदपत्रे ठरलेल्या मुदतीत सादर केल्यास पैसे मिळतील. या कागदपत्रांत बीजक, विमापत्र, दर्जा व वजनाचे प्रमाणपत्र आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘बिल ऑफ लेडिंग’ असते. ते मालाची पावती असते, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असते आणि मालावरील हक्काचा दस्तऐवजही असते. ज्याच्या हाती मूळ बिल, त्याला बंदरावर माल ताब्यात घेता येतो. म्हणूनच बँक ते तारण म्हणून स्वीकारते. भारतात या विषयावरील १८५६ चा कायदा तब्बल १६९ वर्षे टिकला. त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली.

पतपत्राचे नियम पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ ठरवते. ‘यूसीपी ६००’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची सध्याची आवृत्ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिचे मूळ तत्त्व एकच : बँकांचा व्यवहार कागदपत्रांशी असतो, मालाशी नसतो. सादर झालेली कागदपत्रे तपासण्यास बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजी दिवस मिळतात. कागद नियमाप्रमाणे असतील तर पैसे द्यावेच लागतात. एखादी तारीख वा मालाचे वर्णन जुळले नाही तर उत्तम माल पाठवूनही पैसे अडकू शकतात.

कागद खरा, माल खोटा

या तत्त्वातच व्यवस्थेची ताकद आहे आणि तिचे दुबळेपणही. न्यूयॉर्कमध्ये १९४१ साली एक खटला उभा राहिला. तेथील खरेदीदाराने लखनौच्या एका कंपनीकडून ब्रशांसाठी लागणारे डुकराचे राठ केस मागवले होते. पेट्यांत गाईचे केस आणि टाकाऊ वस्तू भरून, कागद मात्र बिनचूक तयार केल्याचा त्याचा आरोप होता. पैसे देण्यापूर्वीच फसवणूक उघड झाली असेल तर बँकेला पैसे रोखता येतात, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. मात्र हा अपवाद अरुंद आहे. केवळ माल निकृष्ट निघाला, एवढ्या कारणाने बँक पैसे रोखू शकत नाही.

२०१४ मध्ये चीनच्या छिंगदाओ बंदरात दुसरा प्रकार उघडकीस आला. गोदामातील एकाच धातूच्या साठ्यावर अनेक पावत्या तयार करून त्या वेगवेगळ्या बँकांकडे गहाण ठेवण्यात आल्या होत्या. प्रत्येक बँकेच्या कपाटात तारण होते. गोदामात ते सर्वांना पुरेल एवढे नव्हते.

सर्वांत मोठा धडा सिंगापूरने दिला. ‘हिन लिओंग’ ही तेथील नामांकित तेलव्यापारी कंपनी. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाकाळात तेलाचे दर कोसळत असताना, तिचे बिंग फुटले. वायदेबाजारातील सुमारे ८० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात न दाखवता दडवल्याचे आणि बँकांकडे तारण असलेल्या साठ्यातील तेल विकून टाकल्याचे संस्थापक लिम ऊन कुइन यांनी मान्य केले. २३ बँकांचे मिळून साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक कर्ज थकले. बनावट विक्रीव्यवहार दाखवून एचएसबीसी बँकेकडून पैसे उचलल्याप्रकरणी लिम यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये साडेसतरा वर्षांची कैद झाली.

अशा कर्जात कंपनीच्या ताळेबंदापेक्षा मालाच्या विक्रीवर भिस्त असते. बँकेच्या पैशातून माल घ्यायचा, तो विकायचा आणि आलेल्या रकमेतून कर्ज फेडायचे, असे हे चक्र असते. चक्र नीट फिरले तर कर्ज आपोआप मिटते. एकच माल दोनदा गहाण पडला किंवा विक्रीची रक्कम दुसरीकडे वळली, तर बँकेकडे फक्त कागद उरतो. म्हणून आता बँका गोदामावर स्वतंत्र राखणदार संस्था नेमतात, जहाजांच्या हालचाली उपग्रहाद्वारे पडताळतात आणि मूळ खरेदीदाराशी थेट संपर्क साधतात. कागदी बिलाऐवजी इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला कायदेशीर मान्यता देण्यामागेही हेच कारण आहे. सिंगापूरने २०२१ मध्ये आणि ब्रिटनने २०२३ मध्ये असे कायदे केले.

भाव पडला तर, आणि चढला तर

फसवणूक नसली तरी भावाची जोखीम राहतेच. माल वाटेत असताना दर पडला तर तारणाची किंमत कर्जाच्या खाली जाते. ती टाळण्यासाठी व्यापारी वायदेबाजारात उलटा सौदा करून ठेवतो. हाती माल आहे म्हणून तो वायदा विकतो. दर पडला तर मालात झालेला तोटा वायद्यात भरून निघतो.

परंतु दर चढला तर? मालाची किंमत वाढते, पण ती रक्कम विक्रीनंतर मिळणार. वायद्यातील तोट्याची रक्कम मात्र बाजाराला त्याच दिवशी रोख द्यावी लागते. कागदावर नफ्यात असलेला व्यापारी रोकडीअभावी अडचणीत येतो तो असा. मार्च २०२२ मध्ये लंडन धातुबाजारात निकेलने याचे टोक दाखवले. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, काही दिवसांपूर्वी टनाला तीस हजार डॉलरच्या आत असलेला दर ८ मार्च रोजी एक लाखाच्या वर गेला. चीनच्या एका बड्या निकेल उत्पादकाने मोठ्या प्रमाणावर विक्रीचे सौदे केलेले होते. अखेर बाजाराने व्यवहार थांबवले, त्या दिवसाचे सौदेच रद्द केले आणि संबंधित बँकांनी उत्पादकाला मुदत दिली.

गोव्याच्या दृष्टीने

मोठ्या कंपन्यांच्या चुकांची झळ लहानांना बसते. हिन लिओंगसारख्या प्रकरणांनंतर ‘एबीएन ॲम्रो’ने ऑगस्ट २०२० मध्ये कमोडिटी व्यापाराला कर्ज देण्याचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले, इतर काही युरोपीय बँकांनीही हात आखडता घेतला. उरलेल्या बँकांचा कल मोठ्या, जुन्या ग्राहकांकडे असतो. लहान व्यापाऱ्याच्या वाट्याला अधिक तारण आणि महागडे व्याज येते.

लोहखनिजाच्या व्यवहारात बहुधा जहाज भरताना मोठा हिस्सा मिळतो आणि उरलेली रक्कम पोहोचल्यावर होणाऱ्या लोहांश व ओलाव्याच्या तपासणीनंतर ठरते. त्यामुळे गोव्याच्या कमी प्रतीच्या खनिजाबाबत एखाद्या टक्क्याचा फरकही निर्णायक ठरतो. ओलाव्याचा आकडा तर जहाजाच्याही जिवावर बेततो : २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ हे जहाज बुडाले, ते आतील खनिजाची भुकटी ओलाव्याने प्रवाही झाल्यामुळे.

काजू कारखानदाराची कोंडी आणखी वेगळी. आफ्रिकेतील हंगाम काही महिन्यांचा. वर्षभराचा कच्चा माल त्याच काळात घ्यावा लागतो. ऐंशी किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल, या ‘आऊट-टर्न’वर भाव ठरतो. तेल वा निकेलप्रमाणे काजूला रुळलेला आंतरराष्ट्रीय वायदेबाजार नाही, त्यामुळे भावाची जोखीम दुसऱ्यावर ढकलता येत नाही. गर स्वस्त झाला की गोदामातील साठ्याचे मूल्य घसरते आणि बँक त्या प्रमाणात कर्जाची उचल कमी करते. नेमक्या त्याच वेळी मुदती एलसीची रक्कम डॉलरमध्ये देय झालेली असते.

या जोखमी पूर्णपणे नाहीशा होत नाहीत. त्या वाटून घेता येतात. आऊट-टर्नची तपासणी विक्रेत्याने नव्हे, तर स्वतंत्र संस्थेने माल चढवताना करावी आणि तिचे प्रमाणपत्र एलसीच्या अटींत घालावे. डॉलरचा दर बँकेशी वायदा करार करून आधीच बांधता येतो. निर्यातदाराला परदेशी खरेदीदाराच्या दिवाळखोरीविरुद्ध १९५७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी ‘ईसीजीसी’चा विमा घेता येतो; परक्या बँकेची शंका असल्यास त्या एलसीवर दुसऱ्या विश्वासू बँकेची पुष्टीही मागता येते. यातील प्रत्येक उपायाला शुल्क पडते. सौदा ठरवतानाच ते भावात धरले तर नफा थोडा घटतो. नंतर आठवले तर विक्रेता अटी बदलण्यास बांधील नसतो.