अर्धापूरची माती, बंगालचा उपसागर

२००६ साली ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ नावाचं खोदकामाचं जहाज आंध्रच्या किनाऱ्यासमोर, गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला येऊन थांबलं. काम भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाचं होतं. समुद्रतळाखाली थंडी आणि दाबामुळे पाण्यासह गोठून बसलेला मिथेन वायू शोधायचा होता. त्यासाठी तळात नळ्या खुपसून गाळाचे लांबलचक स्तंभ वर काढले गेले. त्यातला एक, १६-ए क्रमांकाचा, सुमारे १,२७० मीटर खोल पाण्याखालून आला. त्याच्या साडेआठ मीटर गाळात गेल्या अकरा हजार वर्षांची नोंद सापडली, आणि त्या नोंदीचा मोठा भाग आपल्याकडच्या काळ्या रानांचा आहे.

अर्धापूरच्या केळीच्या बागांतून, सोयाबीनच्या रानांतून मृगातल्या एखाद्या दणक्याने जी माती सुटते, ती ओघळीतून नाल्यात, नाल्यातून आसनेत आणि नांदेडजवळ गोदावरीत जाते. लातूरची माती मांजरेने येते. हदगाव-किनवटची पैनगंगेने निघते आणि वर्धा, प्राणहिता असा लांबचा फेरा घेऊन गोदावरीलाच मिळते. पुढे राजमहेंद्रीच्या खाली नदीला फाटे फुटतात आणि समुद्र येतो. तिथे किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा अरुंद आहे. त्यामुळे गाळ फार रेंगाळत नाही, खोल पाण्यात उतरतो. म्हणूनच ही नोंद इतकी सलग राहिली.

माती समुद्रात गेल्यावर काय होतं, ते घरीही पाहता येतं. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्यावं, त्यात चिमूटभर भारी रानातली माती ढवळावी. वाळू लगेच बसते, पण गढूळपणा दिवस दिवस हटत नाही. आता तसाच दुसरा ग्लास करून त्यात चमचाभर मीठ टाकावं. थोड्याच वेळात पाण्यात गोळे दिसू लागतात आणि माती तळाला जाऊ लागते. काळ्या मातीतली चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट या खनिजाची असते. पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते, ती हीच. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून गोड्या पाण्यात कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यातले क्षार हा भार झाकतात आणि कण एकमेकांना चिकटतात. गोदावरीच्या मुखाशी दर पावसाळ्यात हेच होतं.

पण समुद्रतळावरची माती मराठवाड्याचीच, हे ओळखायचं कसं? त्याची खूण निओडिमियम या धातूत आहे. खडकातलं समॅरियम-१४७ अतिशय संथपणे निओडिमियम-१४३ मध्ये बदलत असतं. अर्धं बदलायला १०,६०० कोटी वर्षं लागतात. पृथ्वीच्या पोटातून अब्जावधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या ग्रॅनाइटी कवचाच्या वाट्याला समॅरियम कमी आलं, त्यामुळे त्यात निओडिमियम-१४३ ची भर कमी पडली. आपला काळा पाषाण मात्र अवघ्या ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वर आला आणि पोटातलं प्रमाण सोबत घेऊन आला. नांदेडहून देगलूरकडे गेलं की काळा खडक संपून ग्रॅनाइट लागतो. ती हद्द डोळ्यांना दिसते, तशीच ती निओडिमियमच्या मोजणीतही दिसते. खडकाची माती झाली, ती हजार किलोमीटर वाहिली, समुद्रात बसली, तरी हे प्रमाण बदलत नाही. मला या साऱ्या शास्त्रात सर्वांत विलक्षण वाटते ती ही गोष्ट.

समुद्रतळावरचं सगळंच काही जमिनीवरून येत नाही. महासागरांच्या मधोमध, जिथे तळ दुभंगतो, तिथे समुद्राचं पाणी भेगांतून खाली मुरतं, तापतं आणि लोह, मँगेनीज, तांबं, जस्त घेऊन कढत झऱ्यांनी वर उसळतं. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने आणि चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये हिंद महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवर अशा एका जिवंत झऱ्याची छायाचित्रं घेतली. त्या परिसरातल्या गाळात ॲल्युमिनियमच्या मानाने लोह आणि मँगेनीज फार भरतं. बंगालच्या उपसागरात मात्र नद्यांचंच राज्य आहे. तिथल्या गाळात ॲल्युमिनियम भरपूर आणि दख्खनच्या लाव्ह्याचं टायटॅनियमही.

अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचे लिव्हिउ जोसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६-ए चा गाळ थरानुसार तपासला. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या कवचांवरून, कार्बन-१४ मोजून, थरांचं वय काढलं. २०१७ साली आलेला त्यांचा निष्कर्ष मराठवाड्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावा असा आहे. पाऊस भरपूर होता त्या काळात समुद्रात माती कमी गेली. सुमारे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी मान्सून अशक्त झाला, आणि त्यानंतर गाळ वाढत गेला. त्यातला दख्खनचा वाटाही वाढला.

पाऊस कमी तर धूप कमी, असं आपण धरून चालतो. गाळ उलट सांगतो. पाऊस घटला की झाडोरा आणि गवत विरळ होतं, जमीन उघडी पडते. वर्षाकाठी पाऊस कमी पडला तरी त्यातल्या दोन-चार सरी जोराच्याच असतात. त्या उघड्या रानावर पडल्या की रान खरडून निघतं. याच स्तंभातल्या पानांच्या मेणाचा अभ्यास कामिलो पॉन्टन यांच्या गटाने २०१२ साली मांडला होता, तोही याला जुळतो. झाडं वेगळ्या रीतीने कार्बन घेतात आणि कुसळीसारखी गवतं, ज्वारी, ऊस वेगळ्या. त्यामुळे त्यांच्या मेणात कार्बन-१३ चं प्रमाण वेगळं राहतं. चार हजार वर्षांपूर्वीपासून मेणात कोरड्या प्रदेशातल्या वनस्पतींचा हिस्सा वाढू लागतो आणि सुमारे सतराशे वर्षांपूर्वी पुन्हा एक उडी घेतो.

त्यातच माणसाची शेती आली. प्रवरेच्या काठी दायमाबाद, नेवासे इथे ताम्रपाषाण युगातली गावं वसली, ती याच कोरड्या होत जाणाऱ्या काळात. पुढे लोखंड आलं. विदर्भात नायकुंडला लोह गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे. लोखंडी अवजाराने भारी रान मोडणं सोपं झालं, आणि गाळाने तीही नोंद ठेवली. गाळातल्या सेंद्रिय कार्बनचं वयही वाढत गेलं. पूर्वी वरची ताजी माती जात असे. आता खालची, शेकडो वर्षं मुरलेली माती सुटू लागली होती. सुपीक थराची ही गळती आपल्या पिढीत सुरू झालेली नाही, पण म्हणून ती निसर्गाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. संशोधकांनी शेतीचा वाटा स्पष्ट शब्दांत नोंदवला आहे.

आज चित्र आणखी बदललं आहे. १९७० च्या दशकात गोदावरी समुद्राला वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ देत होती. २००० ते २००६ या काळात तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. माती रानातून जाणं थांबलं म्हणून हे झालेलं नाही. ती जायकवाडीत, विष्णुपुरीत आणि वाटेतल्या असंख्य तलावांत अडते. तिकडे त्रिभुज प्रदेशाला भर मिळत नाही आणि काकिनाड्याजवळ उप्पाड्याचा किनारा समुद्र खातो आहे. इकडे धरणांची साठवण घटते.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून ही माती उपसून हलक्या रानात टाकली जाते. ते चांगलंच काम आहे. पण ती येते कुठून, हे न पाहता आपण तीच ती माती वर्षानुवर्षं वाहून आणत राहू. पाहण्याची रीत उपलब्ध आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांतून जगभर सीझियम-१३७ पडलं आणि जमिनीच्या वरच्या थरातल्या चिकणमातीला घट्ट धरून बसलं. तलावाच्या गाळात ते सापडलं तर माती शेताच्या पृष्ठावरून आली. फारसं नसेल तर ती ओघळींच्या आणि नाल्यांच्या ढासळत्या काठांतून आली. पहिल्या बाबतीत बांध आणि पिकाचं आच्छादन हवं, दुसऱ्या बाबतीत नाल्याचे काठ सांभाळायला हवेत. दोन्हींचा खर्च वेगळा, जागा वेगळ्या. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ विष्णुपुरीतच आहे. जलाशय शेजारी, भूशास्त्राचं संकुल आवारात. आसनेच्या आणि विष्णुपुरीच्या गाळाची अशी तपासणी तिथून व्हावी, आणि तिचे आकडे अर्धापूरच्या ग्रामसभांपर्यंत मराठीत पोचावेत.