बाळाचे पहिले इंजेक्शन : लेबल कसे वाचावे?

मुलुंडमधील एक शिक्षिका मध्यंतरी आमच्याकडे औषधाचे रिकामे खोके घेऊन आल्या. त्यांच्या भाच्याला जन्मल्यावर लगेच 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले होते. खोक्यावरची नावे वाचून घरची मंडळी धास्तावली होती. एवढ्याशा जिवाला ही रसायने कशाला? प्रश्न रास्त आहे. तेव्हा आपण लेबलच वाचू या.

पहिले नाव फायटोमेनाडिऑन, म्हणजे पालेभाज्यांत असते तेच के-१ जीवनसत्त्व. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात. ते या जीवनसत्त्वाशिवाय कामाला लागत नाहीत. वारेतून ते बाळाला अगदी थोडे मिळते आणि आईच्या दुधातही लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच असते. त्यामुळे काही बाळांना पहिल्या आठवड्यात बेंबीतून किंवा आतड्यातून रक्तस्राव होतो. क्वचित एखाद्या धडधाकट दिसणाऱ्या बाळाला दोन ते बारा आठवड्यांच्या दरम्यान थेट मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला १ मिलिग्रॅम के-१ द्यायचे असते. वजन १००० ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्याच्या निम्मे.

मग बाकीची नावे कशासाठी? डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांना हे जीवनसत्त्व सापडले ते चरबीविरहित खाद्यावर वाढणाऱ्या कोंबडीच्या पिल्लांना रक्तस्राव होऊ लागला तेव्हा. या शोधासाठी त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. के-१ तेलात विरघळते, पाण्यात नाही. ते पाण्यात मिसळून ठेवण्यासाठी काही औषधांत लेसिथिन आणि ग्लायकोकोलिक आम्ल असते, तर काहींत पॉलिसॉर्बेट-८०. लेसिथिन अंड्याच्या बलकात असते, ग्लायकोकोलिक आम्ल आपल्या पित्तात. वर्गात बाटलीत तेल-पाणी हलवून दाखवा, मग त्यात साबणाचे चार थेंब टाका. मुलांना हे काम लगेच कळेल.

सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल ही नावे सर्वांत भीतिदायक. पण ती आम्लता जुळवण्यापुरती, अत्यल्प वापरतात. दोन्ही एकत्र आली की मीठ आणि पाणी होते, हे आपणच शिकवतो.

काही औषधांत बेंझिल अल्कोहोल हे परिरक्षक असते. त्याबद्दलची शंका निराधार नाही. अमेरिकेत मुदतीपूर्वी जन्मलेली काही बाळे त्यामुळे दगावल्याचे १९८२ मध्ये उघडकीस आले. मात्र त्यांच्या शरीरात ते रोज किलोमागे सुमारे १०० ते २३० मिलिग्रॅम जात होते. मिलिलिटरला ९ मिलिग्रॅम असलेल्या औषधाच्या अर्ध्या मिलिलिटरमधून तीन किलोच्या बाळाला किलोमागे दीड मिलिग्रॅम मिळते, तेही एकदाच. अगदी लहान बाळांसाठी परिरक्षकविरहित औषध निवडणे इष्ट.

लेबलावर खरोखर तपासायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. नाव फायटोमेनाडिऑनच हवे. नुसते मेनाडिऑन, म्हणजे के-३, नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फोडून कावीळ वाढवू शकते. मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, हे पाहावे, कारण दहापट तीव्रतेच्या कुप्याही मिळतात. आणि मुदत संपलेली नसावी.

शिक्षिकाबाईंनी शेवटी खोके मागून घेतले. आठवीच्या वर्गात दाखवायला.