फिल्टर लावलाय? मग पेस्ट करताना जरा थांबा!

सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी एक्सेलमध्ये ठेवायचं काम माझ्याकडे आहे. एकदा फक्त 'बी' विंगचा फिल्टर लावला, नवे आकडे कॉपी केले आणि बिनधास्त पेस्ट केले. फिल्टर काढल्यावर बघतो तर काय, मधल्या लपलेल्या 'ए' विंगवाल्यांच्या रकमाही बदललेल्या! नशीब, कंट्रोल झेड होतं.

गंमत अशी, की फिल्टर लावून कॉपी केलं तर एक्सेल फक्त दिसणाऱ्या ओळी उचलतं. पेस्ट करताना मात्र ते आकडे सलग खाली ओततं, लपलेल्या ओळींतसुद्धा. (ओळी फिल्टरने नव्हे, तर हाताने 'हाइड' केल्या असतील, तर कॉपीतही त्या गुपचूप येतात. तिथे निवड केल्यावर ऑल्ट आणि अर्धविराम दाबा. फक्त दिसणारे सेल निवडले जातात.)

मग 'डी' कॉलममधले आकडे फिल्टर ठेवूनच 'ई'मध्ये कसे न्यायचे? पेस्टच्या नादी लागू नका. 'ई'मधले सेल निवडा, ऑल्ट अर्धविराम दाबा, = टाइप करून त्याच ओळीतल्या 'डी'च्या सेलवर क्लिक करा आणि नुसतं एंटर नाही, कंट्रोल एंटर मारा. सूत्र फक्त दिसणाऱ्या ओळींत भरतं. नंतर फिल्टर काढा, 'ई' कॉलम कॉपी करून तिथेच पेस्ट स्पेशलमधून 'व्हॅल्यूज' करा.

सगळ्यांना एकच रक्कम द्यायची असेल, तर एवढा खटाटोप नको: एकच सेल कॉपी करून फिल्टर असताना निवडलेल्या सेलवर पेस्ट केला, की तो दिसणाऱ्या सेलमध्येच बसतो.

आधी फाइलची एक प्रत मात्र काढून ठेवा.