कचरा तुमचा, गाडी निगमची

इंदुरात नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते, तोवर निम्मं काम घरात उरकलेलं असतं. भाजीची देठं आणि उरलंसुरलं अन्न एका डब्यात, कागद-पुठ्ठा दुसऱ्यात, प्लास्टिक तिसऱ्यात. डायपर आणि सॅनिटरी पॅड निराळे, बिघडलेले चार्जर निराळे, फुटके बल्ब आणि मुदत संपलेली औषधं आणखी निराळी. कचरा असा सहा तऱ्हांचा आणि गाडीलाही तसेच कप्पे. सगळं एकाच पिशवीत कोंबून आणणाऱ्याला गाडीवरचा माणूस हटकतो, आणि तरीही ऐकलं नाही तर दंड होतो. शिवाय कचरा उचलण्याचं शुल्क वेगळं भरावं लागतं. म्हणजे पैसे आपणच द्यायचे आणि निवडायचंही आपणच! पुण्या-मुंबईच्या माणसाला हा सौदा आतबट्ट्याचा वाटेल. इंदूरकराला आता तो तसा वाटत नाही.

बर्फाच्या मुलखात नागरिक आणि महापालिका यांच्यात कामाची अशी वाटणी फार जुनी आहे. न्यूयॉर्क किंवा बोस्टनमध्ये हिमवर्षाव थांबला की घरापुढच्या फुटपाथवरचा बर्फ मालकानं ठरावीक तासांत उपसायचा, नाहीतर दंड भरायचा. रस्ता मोकळा करायचा महापालिकेनं. इंदुराला बर्फ ठाऊक आहे तो गोळ्यावाल्याच्या गाडीवरचा. पण बर्फ निदान वितळतो; कचरा जागचा हलत नाही.

या शहरात अशी वाटणी पहिल्यांदा मांडली ती एका स्कॉटिश माणसानं. पॅट्रिक गेडीस हे नगररचनाकार 1917 मध्ये तुकोजीराव होळकरांच्या (तिसरे) निमंत्रणावरून इंदुरात काम करत होते. प्लेगचे दिवस होते. हातात फूटपट्टी घेऊन गल्लीबोळ पालथे घालणारा हा दाढीवाला साहेब आता घरं पाडणार, अशी लोकांना धास्ती. गेडीसनी दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रं मागून घेतली आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं निघणार नाही. ज्या भागात जास्तीत जास्त घरं झाडून-सारवून, डागडुजी करून तयार असतील, त्या भागातून ती जाईल. हुकूम नाही, दंडही नाही. फक्त आळीआळीतली चुरस जागी केली. हजारो गाड्या केर शहराबाहेर पडला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भलाथोरला उंदीर होता, आणि त्यांच्या पाठोपाठ शहराचे सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घालून, हातात नवे झाडू घेऊन चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले आणि तुळशीची रोपं वाटली. 1918 मध्ये गेडीसनी दरबाराला दिलेला दोन खंडांचा अहवाल नगररचनेचे अभ्यासक आजही काढून वाचतात. मला मात्र त्या अहवालापेक्षा ही मिरवणूक मोठी वाटते. ज्यांची सावली टाळली जायची, त्यांना शहरानं मिरवणुकीत मानानं चालवलं, तेही 1917 साली.

कचऱ्याचं पुढे काय करायचं, याचं उत्तरही याच शहराला आधी मिळालं. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करायची रीत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. सेंद्रिय शेतीवाले हॉवर्डना गुरुस्थानी मानतात; वाडांची आठवण मराठी माणसानं तरी ठेवायला हवी होती.

एवढी पुण्याई गाठीशी असूनही मधल्या काळात इंदूर इतर शहरांसारखंच झालं. कोपऱ्याकोपऱ्यावर कचरापेट्या ओसंडत, गाई त्यात तोंड घालत. 2015-16 च्या सुमारास महापौर मालिनी गौड आणि आयुक्त मनीष सिंह यांच्या कारकिर्दीत पेट्याच हटवल्या गेल्या. आधी मोजक्या वॉर्डांत घरोघर गाडी पाठवून पाहिली, मग सगळ्या 85 वॉर्डांत. माझ्या मते खरा डाव हाच होता. कोपऱ्यावर पेटी आहे तोवर कचरा कुणाचाच नसतो. पेटी गेली की गाडी येईपर्यंत तो तुमच्या घरात राहतो आणि तुमचाच असतो. अर्थात मग गाडी रोज आलीच पाहिजे. ती दोन दिवस चुकली तरी वाटणी मोडते. गाडी आली, म्हणून लोकांनी निवडून द्यायला सुरुवात केली. नागरिकांची शिस्त आधी आणि सेवा मागून, असा क्रम कुठल्या शहरात यशस्वी झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग पहिलं येत राहिलं. 2023 चा मान सुरतबरोबर विभागून मिळाला. त्या पुरस्कारांचं कौतुक पुरे झालं. पाहण्यासारखी जागा आहे देवगुराडियाचं ट्रेंचिंग ग्राउंड. तिथे साठलेला सुमारे 13 लाख टन जुना कचरा 2018 मध्ये चाळून, वेगळा करून काही महिन्यांत हटवला गेला. आता त्याच परिसरात ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी बनवणारा प्रकल्प आहे. त्याची क्षमता रोज 550 टनांची, उद्घाटन 19 फेब्रुवारी 2022 चं. या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात. हे यंत्र मोठं सोवळं आहे. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक, काच आली की पाचकटाकीतले जिवाणू बिघडतात आणि गॅस घटतो. स्वयंपाकघरातल्या वेगवेगळ्या डब्यांची भानगड शेवटी तिथे जाऊन पोचते.

रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक, राजवाड्यावरून गेली की गुलालानं न्हालेला रस्ता काही तासांत धुऊन मोकळा होतो. सराफ्यातल्या खाऊगल्लीत खवय्यांची पांगापांग झाली की झाडू आणि यंत्रं उतरतात. हे काम करणाऱ्यांना आता ‘सफाईमित्र’ म्हणतात. नाव बदललं, हजेरी यंत्रावर लागू लागली. पण हातात झाडू असलेली माणसं अजून बहुतेक त्याच मोजक्या जातींची आहेत. गेडीसनी ज्यांना हार घातले, त्यांच्या पणतवंडांची ही बाजू पुरस्कारांच्या झगमगाटात हरवते.

आणि वाटणीतला निगमचा वाटा जमिनीखालीही असतो. इंदूर 2021 मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं होतं, म्हणजे सांडपाण्याच्या व्यवस्थेतही अव्वल. त्याच शहरातल्या भागीरथपुरा वस्तीत डिसेंबर 2025 च्या अखेरीस पिण्याच्या नळात मैलापाणी मिसळलं. शेकडो लोक आजारी पडले, अनेकांचा जीव गेला. पाण्याला वास येतो, अशी तक्रार रहिवासी आधीपासून करत होते. रस्त्यावरची घाण पाहुण्यालाही दिसते, परीक्षकालाही दिसते. पाइपाचा जोड दिसत नाही. बर्फाच्या गावात महापालिकेनं आपला वाटा उचलला नाही तर रस्ता सकाळीच बंद दिसतो, लोक ओरडतात. भागीरथपुऱ्यातले लोकही ओरडलेच होते. कचरा निवडून द्यायचा, शुल्क भरायचं, हा नागरिकांचा वाटा; नळाची तक्रारही त्यांनी केली होती. निगमच्या आयुक्तांना नंतर पदावरून हलवण्यात आलं.