विकत घ्यायचं की हात मिळवायचा?

वीकएण्डला हरिहरेश्वर? मस्त! प्रदक्षिणेच्या वाटेवर जरूर जा. (भरतीची वेळ मात्र आधी विचारून घ्या!) आणि खडकावर बसून मोबाइल बंद करण्याआधी एक गोष्ट ऐका.

हे पेशव्यांचं कुलदैवत. शेजारच्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ १७१३मध्ये पेशवे झाले, तेव्हा समोर टेन्शन होतं कान्होजी आंग्र्यांचं. आधीच्या पेशव्यांना तर आंग्र्यांनी कैदच केलं होतं. बाळाजी लढले नाहीत, बोलायला बसले. १७१४च्या तहात आंग्र्यांनी शाहू महाराजांना मानलं. आरमार मात्र आंग्र्यांच्याच हाती राहिलं.

आजच्या भाषेत, टेकओव्हर नाही, पार्टनरशिप!

याच प्रश्नावर करिअर करता येतं, बरं का! अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीचे प्रा. प्रशांत काळे यांनी तेच केलं. व्हार्टनमधून पीएच.डी. आणि मग कंपन्यांच्या भागीदाऱ्या व खरेदी यांवर संशोधन. जेफ्री डायर आणि हरबीर सिंग यांच्यासोबत २००४मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त त्यांनी मांडलेला हिशोब सोपा आहे. दोघांनी आपापलं काम करून फक्त फायदा एकत्र करायचा असेल, तर करार पुरे. एकाचं काम संपल्यावर दुसऱ्याचं सुरू होत असेल, तर थोडी शेअर्सची गुंतवणूक. पण पावलोपावली एकमेकांत मिसळून काम करायचं असेल, तरच कंपनी विकत घ्या.

२००९च्या लेखात तर काळे आणि सहकारी म्हणाले, विकत घेतलीत तरी लगेच गिळू नका, पार्टनरसारखं वागवा. टाटांचंच बघा ना. २००८मध्ये जग्वार-लॅण्ड रोव्हर घेतली, पण ब्रॅण्डची नावं तीच ठेवली.

उद्या तुमच्या ऑफिसात ‘आपण मर्ज होतोय’ अशी मेल आली, तर नव्या लोगोवर गॉसिप करण्याआधी एवढंच विचारा: कुणाचं काम कुणात मिसळणार? जुनी टीम राहणार का? तुमच्या खुर्चीचं उत्तर त्यातच आहे.

कारण गिळण्याची किंमतही कोकणाला ठाऊक आहे. १७५६मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या साथीनं विजयदुर्गला तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. मराठ्यांचंच आरमार जळालं. त्याच वर्षीच्या तहात बाणकोट इंग्रजांकडे राहिला.

बागमांडल्याच्या जेट्टीवर उभे राहिलात की तो खाडीपलीकडे आहे. बघून या!